जुनी लक्झरी गाडी आणि नवी फॅमिली एसयूव्ही: तुलना करायची तर अशी करा

मर्सिडीजची जुनी सेडान डब्ल्यू१२३ घ्यावी की टोयोटाची रॅव्ह४, असा प्रश्न पडला की बहुतेक लोक लगेच दोन्हीचे आकडे शेजारी शेजारी मांडून बसतात, इंजिन केवढं, पॉवर किती, ॲव्हरेज किती, आणि पाच मिनिटांत निकाल लागतो कारण आकड्यांत जुनी गाडी हरणारच. डब्ल्यू१२३ मधलं २४०डी हे डिझेल मॉडेल घ्या, ७२ हॉर्सपॉवर, शून्य ते शंभर जायला वीस सेकंदांच्या वर लागतात, आणि मागच्या पिढीतली हायब्रिड रॅव्ह४ २१८ हॉर्सपॉवरची, तेच काम आठ-साडेआठ सेकंदांत करते. संपला विषय. पण मग १९७६ ते १९८६ या काळात सुमारे २७ लाख बनलेली ही गाडी लोक अजून शोधत का फिरतात, याचं उत्तर त्या आकड्यांत कुठेच सापडत नाही. म्हणून तुलना जरा वेगळ्या रीतीने करावी लागते, ती कशी ते सांगतो.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. नव्या एसयूव्हीची पारख मॉडेलवरून करता येते, जुन्या गाडीची नाही. कारखान्यातून निघालेल्या ह्युंदाईच्या दोन नव्या टुसॉन जवळपास सारख्याच असतात, त्यामुळे एकीबद्दल जे वाचलं ते दुसरीला लागू पडतं. पण चाळीस वर्षांच्या दोन डब्ल्यू१२३ म्हणजे दोन वेगळ्या गाड्या समजा. एक कायम शेडमध्ये राहिलेली, वेळेवर ऑइल बदललेली, दुसरी समुद्राकाठी उघड्यावर उभी राहून खालून कुजलेली, आणि फोटोत दोन्ही सारख्याच चकचकीत दिसतात. त्यामुळे "जॅग्वार एक्सजे६ कशी आहे" हा प्रश्नच विचारू नका, "समोर उभी असलेली ही एक्सजे६ कशी आहे" एवढंच विचारा. मॉडेलचं नाव चांगलं म्हणून ती गाडी चांगली असं काही नसतं.

मग कागदावर गाडीचं काम लिहून काढा. रोज किती किलोमीटर, किती जण बसणार, त्यात लहान मुलं आणि म्हातारी माणसं किती, गाडी सावलीत उभी राहणार की उन्हापावसात, घरात दुसरी गाडी आहे का, आणि गाडी बंद पडली तर त्या दिवशी तुमचं किती अडणार. हा शेवटचा मुद्दा लोक लिहीतच नाहीत आणि पुढे सगळा त्रास तिथूनच सुरू होतो. जुन्या गाडीचा एखादा रबरी सील मागवला आणि यायला दोन आठवडे लागले, तर दुसरी गाडी दारात असलेल्या माणसाला काहीच फरक पडत नाही, पण ज्याला सकाळी मुलांना शाळेत सोडायचंय त्याचं सगळं वेळापत्रक कोलमडतं.

सेफ्टी आधी, बाकी सगळं नंतर

इथे मी अजिबात मऊ बोलणार नाही. जुन्या गाडीचा जाड पत्रा बघून "ही टँकसारखी आहे, हिला काही होत नाही" असं म्हणणारे खूप भेटतात. अमेरिकेतल्या आयआयएचएस या गाड्यांच्या क्रॅश टेस्ट घेणाऱ्या संस्थेने २००९ मध्ये १९५९ ची शेवरले बेल एअर आणि २००९ ची शेवरले मालिबू समोरासमोर धडकवल्या, दोन्हींचा स्पीड ताशी ६४ किलोमीटरच्या आसपास. बेल एअरचा ड्रायव्हर बसतो तो भागच आत दबला, आतल्या डमीची अवस्था बघवत नाही, आणि मालिबूची केबिन शाबूत, तिच्या ड्रायव्हरला पायाला काय ती किरकोळ इजा झाली असती. व्हिडिओ सहज मिळतो, गाडी घ्यायच्या आधी घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून बघावा असं मला मनापासून वाटतं. पत्रा किती जाड यापेक्षा धडकेचा जोर कुठल्या भागाने गिळायचा आणि कुठला भाग अजिबात दबू द्यायचा नाही, हे डिझाइन करताना ठरवलेलं असणं महत्त्वाचं असतं.

आता जुन्या गाड्यांवर अन्याय नको म्हणून हेही सांगतो की सगळ्या जुन्या गाड्या बेल एअरसारख्या नव्हत्या. मर्सिडीजने १९५९ मध्येच डब्ल्यू१११ मध्ये पुढचा-मागचा भाग मुद्दाम चेपणारा आणि मधली केबिन कडक अशी रचना आणली होती, बेला बारेनी या इंजिनिअरची कल्पना. त्याच वर्षी व्होल्वोने नील्स बोहलिनचा थ्री-पॉइंट सीटबेल्ट गाड्यांत द्यायला सुरुवात केली. पुढे १९७८ मध्ये एस-क्लासला बॉशचं एबीएस आलं, १९८१ मध्ये त्याच लाइनच्या डब्ल्यू१२६ ला ड्रायव्हरची एअरबॅग आली, १९९५ मध्ये एस-क्लासच्या कूपेला ईएसपी, म्हणजे घसरणारी गाडी सावरणारी सिस्टिम. ही यादी नीट बघितली तर लक्षात येतं की आज साध्या फॅमिली एसयूव्हीत जे मिळतं त्यातलं बरंच काही अशा जुन्या गाड्यांतूनच पुढे आलं, आणि त्यांच्याबद्दल मला जो आदर आहे तो याचसाठी. पण यातलं बरंच काही त्या वेळी ऑप्शनल होतं, जास्तीचे पैसे देऊन बसवून घ्यायचं. म्हणजे डब्ल्यू१२३ ला सुद्धा एबीएस १९८० पासून मिळत होतं, पण तुमच्या समोरच्या गाडीत ते आहे का हे डॅशबोर्डवर इग्निशन ऑन करून एबीएसचा दिवा लागतो का आणि इंजिन चालू झाल्यावर विझतो का ते बघूनच कळेल.

मागच्या सीटवर स्वतः जाऊन बसा. प्रत्येक बेल्ट पूर्ण बाहेर ओढा, पट्टीच्या कडा उसवल्यात का बघा, मग झटका द्या, लगेच लॉक झाला पाहिजे. मधल्या सीटला बहुतेक जुन्या गाड्यांत फक्त कमरेचा पट्टा असतो, आणि काहींत मागे हेडरेस्टच नसतात. आयसोफिक्सचं, म्हणजे मुलाची सीट थेट गाडीला अडकवायच्या हुकांचं, स्टँडर्ड १९९० च्या दशकाच्या शेवटी आलं, त्यामुळे त्याआधीच्या गाडीत मुलाची सीट बेल्टनेच बांधावी लागते आणि ती घट्ट बसते की हलते हे तुमची स्वतःची चाइल्ड सीट नेऊन तिथल्या तिथे बसवून बघा. ती एका इंचापेक्षा जास्त हलत असेल तर मुलांसाठी ती गाडी नको, मग बाकी कितीही सुंदर असू दे.

एसयूव्हीच्या बाबतीत स्टार मोजून मोकळं होऊ नका. यूरो एनकॅप या युरोपातल्या, गाड्यांना स्टार देणाऱ्या संस्थेच्या टेस्ट दर काही वर्षांनी कडक होत जातात, २०२० पासून समोरच्या धडकेची जुनी टेस्ट काढून त्यांनी हलत्या बॅरिअरची टेस्ट आणली, म्हणजे २०१५ चे पाच स्टार आणि आत्ताचे पाच स्टार एक नाहीत. टेस्टचं वर्ष बघा, मुलांचा स्कोअर वेगळा दिलेला असतो तो बघा, आणि तीन रांगांची गाडी असेल तर पडद्यासारख्या साइड एअरबॅग तिसऱ्या रांगेपर्यंत पोचतात का हे विचारा. बऱ्याच वेळा विकणाऱ्यालाही माहीत नसतं, मग मॅन्युअल काढायला लावा.

चालवून बघायची पद्धत

दोन्ही गाड्या एकाच रस्त्यावर, शक्यतो एकाच दिवशी, तीच माणसं बसवून चालवा. खराब पॅच, चढ, ट्रॅफिक आणि थोडा मोकळा रस्ता असा सगळा मसाला त्यात हवा. नुसतं गुळगुळीत रस्त्यावर चक्कर मारली तर कुठलीच गाडी खरी कळत नाही. आणि एक फेरी मागच्या सीटवर बसून मारा, ड्रायव्हर म्हणून गाडी आवडली आणि मागे बसणाऱ्याला मळमळतं अशा गाड्या भरपूर आहेत.

खड्ड्यावरून जाताना बहुतेकांना एक धक्का बसतो तो असा की जुनी गाडी जास्त मऊ जाते. यामागे साधा हिशोब आहे आणि तो टायरवरच छापलेला असतो. बऱ्याच डब्ल्यू१२३ ना १९५/७० आर१४ टायर येतो, म्हणजे रुंदी १९५ मिलिमीटर आणि कडेची उंची तिच्या ७० टक्के, साधारण १३६ मिलिमीटर. युरोपातल्या टुसॉनच्या वरच्या व्हेरिअंटला २३५/५० आर१९ येतो, त्याची कडेची उंची २३५ चे ५० टक्के म्हणजे ११७. रिम पाच इंचांनी मोठी झाली आणि धक्का सोसणारं रबर जवळजवळ दोन सेंटिमीटरने कमी झालं. त्यात एसयूव्ही उंच, ती वळणावर झुकू नये म्हणून स्प्रिंग आणि अँटी-रोल बार कडक ठेवावे लागतात, त्याचा परिणाम बारक्या खड्ड्यांवर लगेच जाणवतो. म्हणून एसयूव्ही घेताना मोठी चकचकीत रिम असलेल्या टॉप मॉडेलऐवजी त्याच गाडीचं लहान रिमवालं मॉडेलही चालवून बघा, राइडमधला फरक तुम्हाला न सांगता कळेल आणि टायरही स्वस्त पडतात.

बाहेरचं किती दिसतं तेही बघा. जुन्या गाडीचे खांब बारीक, काचा मोठ्या आणि खाली उतरलेल्या, बोनेटची टोकं सीटवरून दिसतात, त्यामुळे एवढी लांबलचक गाडी वळवायला अवघड जात नाही. नव्या एसयूव्हीत गाडी उलटली तरी छत दबू नये म्हणून आणि एअरबॅग बसवायला खांब जाड केलेत आणि वळताना पुढच्या खांबामागे अख्खा माणूस लपू शकतो. कॅमेरे आहेत, पण कॅमेऱ्यावर चिखल बसला की संपलं. उलट चढ-उतर करायला एसयूव्ही चांगली, सीट कमरेच्या उंचीवर असते, गुडघे दुखणाऱ्या माणसाला खाली वाकून बसावं लागत नाही. हा मुद्दा घरात वयस्कर माणूस असेल तर खूप मोठा आहे.

ब्रेक दोन्हीचे रिकाम्या रस्त्यावर जोरात दाबून बघा. जुनी गाडी एका बाजूला ओढत असेल तर कॅलिपर अडकलेला असू शकतो किंवा होस आतून फुगलेले असतील. स्टिअरिंग मधोमध थोडं सैल असणं बॉल-टाइप स्टिअरिंग बॉक्सच्या गाड्यांत नेहमीचं, पण दोन-तीन बोटं फिरवल्यावरही चाक हलत नसेल तर खर्च आहे.

जुनी गाडी तपासताना

गाडी थंड असतानाच जा. विकणाऱ्याला आधीच सांगा की मी येईपर्यंत सेल्फ मारू नका, आणि गेल्यावर बोनेटवर हात ठेवून बघा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी परत या. थंड इंजिन पहिल्या सेल्फला कसं उठतं, धूर कुठल्या रंगाचा येतो, यात निम्मी कुंडली कळते. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय, काळा म्हणजे इंधन जास्त जातंय, आणि गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर कूलंट आत जातंय का ते तपासावं लागेल.

जुन्या मर्सिडीज डिझेलची एक खास टेस्ट सांगतो, मला ती फार आवडते. डब्ल्यू१२३ च्या डिझेल इंजिनला बंद करायचं काम व्हॅक्यूमवर चालतं, आणि दरवाज्यांचं सेंट्रल लॉकही त्याच व्हॅक्यूमवर. किल्ली फिरवून बंद करा आणि कान देऊन ऐका, इंजिन लगेच थांबलं पाहिजे. किल्ली काढल्यावरही ते गुरगुरत राहिलं किंवा चारातला एखादा दरवाजा लॉक व्हायला आळस करत असेल, तर कुठेतरी बारीक नळी लीक आहे, नाहीतर व्हॅक्यूम पंप थकलाय. दुरुस्ती बहुतेक वेळा फार महाग नसते, पण मालकाने एवढं साधं काम टाळलं असेल तर त्याने अजून काय काय टाळलं असेल याचा अंदाज येतो. आणि बोनेट उघडाल तेव्हा ते सरळ उभं, काटकोनात उघडून ठेवता येतं, बघाच एकदा. इंजिनच्या चारी बाजूंनी हात जातो, प्रत्येक पार्ट ओळखता येतो. मेकॅनिकला उभं राहायला जागा मिळावी म्हणून ज्यांनी असा विचार केला त्यांनी गाडी दुरुस्त होत राहावी म्हणूनच बनवली होती.

खरा शत्रू मात्र गंज. इंजिन रिबिल्ड होतं, गिअरबॉक्स होतो, पण कुजलेलं शेल सरळ करायला लागणारे पैसे गाडीच्या किमतीच्या वर जातात. जॅक लावायच्या जागा, चाकांच्या कमानी, स्टेपनीचा खड्डा, बॅटरीच्या खालचा ट्रे, मागच्या काचेची खालची कड, सनरूफ असेल तर त्याचे ड्रेन. कार्पेट उचलून हात लावा, ओलं लागलं तर पाणी कुठून येतं ते शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. लोहचुंबक मऊ फडक्यात गुंडाळून पत्र्यावरून फिरवा, जिथे चिकटत नाही तिथे आत पुटी भरलेली असणार. फक्त गाडी कुठली ते बघून हा प्रयोग करा, रोल्स-रॉइस सिल्व्हर शॅडोचे दरवाजे, बोनेट आणि डिकीचं झाकण ॲल्युमिनियमचं असतं, तिथे चुंबक चिकटणारच नाही.

सिल्व्हर शॅडोचा विषय निघालाच आहे तर, १९६५ मध्ये आलेल्या या गाडीचे ब्रेक आणि मागची उंची सांभाळणारी सिस्टिम सिट्रोएनच्या लायसन्सवर घेतलेल्या हाय-प्रेशर हायड्रॉलिक्सवर चालते. तिला ब्रेक फ्लुइड लागतं, आणि १९८० नंतरच्या सिल्व्हर स्पिरिटला मिनरल ऑइल. एकीचं दुसरीत घातलं तर सगळे सील जातात. ज्या गॅरेजला हे माहीत नाही त्या गॅरेजात ही गाडी नेऊच नका. म्हणून गाडी बघायच्या आधी मेकॅनिक बघा, त्याने हे मॉडेल याआधी उघडलंय का, पार्ट कुठून मागवतो, हे विचारून घ्या. मेकॅनिक नसेल तर मी म्हणेन थांबा. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीच्या बऱ्याच मर्सिडीज इंजिनांत वायरिंगवरचं आवरण उष्णतेने ठिसूळ होऊन गळतं, ते ओळखणारा माणूस एका नजरेत सांगतो, न ओळखणारा महिनाभर सेन्सर बदलत बसतो.

टायरवरचा तारखेचा कोडही वाचा. कडेला डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीत शेवटी चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. जुन्या गाड्या कमी चालतात म्हणून नक्षी भरपूर शिल्लक दिसते आणि रबर मात्र दहा-पंधरा वर्षांचं दगड झालेलं असतं. असे टायर असतील तर नव्या सेटचे पैसे किमतीत धरूनच बोला.

एसयूव्हीला सुद्धा सोडू नका

नवी आहे म्हणून डोळे मिटून घ्यायची गरज नाही. डिझेल असेल आणि तुमचं चालवणं रोजचं चार-पाच किलोमीटरचं असेल, तर डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, नीट तापत नाही, काजळी जळत नाही, आणि फिल्टर चोक होतो. अशा वापराला पेट्रोल किंवा हायब्रिडच बघा. हायब्रिडमध्ये बऱ्याच गाड्यांत मागच्या सीटच्या खाली बॅटरी थंड ठेवणारी हवेची जाळी असते, तिच्यासमोर बॅगा कोंबायच्या नसतात आणि ती साफ ठेवायची असते, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. पुढच्या काचेमागे कॅमेरा असेल तर काच बदलल्यावर तो पुन्हा कॅलिब्रेट करावा लागतो, तेव्हा इन्शुरन्समध्ये तो खर्च धरलाय का हे आधीच विचारा. आणि एसी स्क्रीनमध्ये शिरून लावावा लागतो की बटण आहे, हे चालत्या गाडीत करून बघा, शोरूममध्ये उभं राहून कळत नाही.

डिकी लिटरमध्ये मोजून काही कळत नाही. तुमचं रोजचं सामान, बाबागाडी, बॅग, जे काही असेल ते घेऊन जा आणि ठेवून बघा. तिन्ही रांगा वापरात असताना किती जागा उरते ते बघा, बहुतेक ठिकाणी निराशा होते. जुन्या सेडानची डिकी खोल आणि चौकोनी, डब्ल्यू१२३ ची साधारण ५०० लिटरची, पण मागची सीट आडवी होत नाही, त्यामुळे लांब वस्तू विसरा.

खर्चाचा हिशोब

दोन्हीकडे पैसे जातात, फक्त जायची वाट वेगळी. नव्या एसयूव्हीचे सगळ्यात जास्त पैसे पेट्रोलपंपावर किंवा गॅरेजात जात नाहीत, ते गाडी उभी असताना किंमत उतरण्यात जातात, पहिल्या तीन वर्षांत सगळ्यात जास्त. जुन्या चांगल्या गाडीची किंमत आधीच उतरून झालेली असते, सांभाळली तर टिकते, कधी वाढतेही, पण तिला दर वर्षी काहीतरी लागतंच, रबर, होस, बुश, सील. म्हणून जुनी घेताना खरेदीच्या किमतीइतकाच एक वेगळा पैशाचा डबा पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवा, खर्च नाही झाला तर उत्तमच. नव्या पेट्रोलमधलं इथेनॉल जुन्या रबरी नळ्या आणि कार्बोरेटरच्या गॅस्केटना सोसत नाही, त्या आताच्या मटेरिअलच्या बसवून घ्या, याला टाळाटाळ नको कारण हा आगीचा प्रश्न आहे. १९९० च्या आधीच्या गाडीचा एसी मूळ आर१२ गॅसवर असतो, तो आर१३४ए वर बदललाय का आणि भर उन्हात गार करतो का ते बघा.

माझं मत विचाराल तर लहान मुलं, रोजचं जाणं-येणं आणि घरात एकच गाडी असेल तर एसयूव्ही घ्या, यात मला शंका नाही. घरात रोजच्या कामाला दुसरी गाडी असेल, मेकॅनिक हाताशी असेल आणि शेड असेल, तर जुनी लक्झरी गाडी जरूर घ्या, कारण अशी गाडी पुन्हा कोणी बनवणार नाही आणि चांगल्या उरलेल्या दर वर्षी कमी होत चालल्यात. घेतलीत तर इन्शुरन्स ठरलेल्या किमतीचा मिळतो का बघा, म्हणजे गाडीचं मूल्य आधीच लिहून घेतलेलं असतं, नाहीतर अपघात झाला तर कंपनी तिला एक जुनी गाडी म्हणून मोजते आणि हातात काहीच पडत नाही. पॉलिसीसाठी गाडीचे चारी बाजूंचे, खालचे आणि इंजिनचे फोटो, कामांची बिलं, सगळं व्यवहाराच्या दिवशीच जमा करून ठेवा, नंतर जुना मालक फोन उचलेलच असं नाही.